घुबडाच्या दारातला बोळा

ड्रायव्हरकाकांनी त्या सकाळी बायकोला सांगितलं की ते केस कापायला चालले आहेत, आणि गेले घुबडाच्या पेटीवर. उभी हयात बस चालवली, पण वरिष्ठांना कधी थाप मारली नाही, प्रवाशांना मारली नाही, याचा त्यांना कोण अभिमान! तो त्यांनी निवृत्तीनंतर एका घुबडापायी घालवला.

तसं राईत जायला त्यांना घरातून बंदी नव्हती. बस डेपोची मागची भिंत आणि रुग्णालयाची मागची भिंत यांच्यामध्ये पूर्वी कोळशाचं कोठार होतं. कोठार बंद पडलं, जागा कोणाच्याच कामाची उरली नाही, आणि झाडांनी ती बिनबोभाट बळकावली. आधी बाभळी आल्या, मग पाखरांच्या कृपेनं तुती आली, मग शिरीष. शहराला जाग आली तेव्हा तिथे चांगली दाट राई उभी होती. मधे एक गढूळ तळं, तळ्यात बेडूक, काठावर एक खंड्या आणि साऱ्या झाडांवर खारींचा गोंधळ. एका टोकाला कोणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाची खार पळायची, एवढीशीच ती राई. मग फाटकावर 'राखीव राई' अशी पाटी लागली, आत पायवाट आखली गेली आणि देखरेखीला एक राखणदार मुलगी नेमली गेली. काका तिथे जाऊन पालापाचोळा आवरत, तळ्यातल्या प्लास्टिकच्या पिशव्या काढत. कोणी फांदी तोडताना दिसलं की बसच्या दारात लटकणाऱ्या पोरांवर ओरडायचे तसे ओरडत.

बंदी होती ती शिडीला. काकांच्या हृदयात स्टेंट बसल्यापासून डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की उंचावर चढायचं नाही. डॉक्टरांचं एक वेळ सोडा, ते सांगून विसरून जातात. इथे घरातच पहारा होता. काकांच्या बायकोनं रुग्णालयाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून जन्म काढला होता. मोठमोठे सर्जन त्यांना वचकून असत. शेजारीपाजारी, दूधवाला, पोस्टमन, सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. काका एरवी 'अगं' म्हणायचे, पण बाईंचा पारा चढला की त्यांच्याही तोंडून आपोआप 'सिस्टर' बाहेर पडायचं.

आणि घुबडाची पेटी तर काकांनी स्वतःच्या हातांनी केली होती. भंगारात निघालेल्या बसच्या सीटखालच्या फळ्या आणून, घासूनपुसून, ठोकूनठाकून. राईतल्या सगळ्यात जुन्या शिरीषाच्या खोडावर ती बांधली, तेव्हा सगळे हसले होते. पहिल्यांदा तिच्यात साळुंक्या घुसल्या, मग गांधीलमाश्यांनी संसार थाटला. यंदा मात्र गव्हाणी घुबडांची जोडी आली. पांढरंशुभ्र, बशीसारखं गोल तोंड, आणि उडताना पंखांचा आवाज म्हणाल तर शून्य. राईत घुबडानं घरटं करायची ही पहिलीच वेळ. मादी अंड्यांवर बसली त्या दिवशी काका घरी जे हसत आले ते झोपेपर्यंत हसतच होते, आणि सिस्टरांनी दोनदा त्यांचं बीपी तपासलं.

आता पिल्लं बाहेर आली असणार, पेटी तपासायला हवी होती. राखणदार मुलीला उंचावर चक्कर यायची. स्टुलावर चढून बल्ब बदलायचा म्हटलं तरी तिला घाम फुटे. तेव्हा शिडीवर कोण चढणार हा प्रश्नच नव्हता. "डॉक्टरांनी परवानगी दिलीय," असं काकांनी तिला बिनदिक्कत सांगितलं. म्हणजे त्या दिवशीची ही दुसरी थाप.

पेटी तपासायची एक रीत असते. झाकण उघडलं की मादी घाबरून दारातून भुर्रकन उडते, दिवसाउजेडी कावळे तिच्यामागे लागतात, आणि अशी पळालेली आई कधीकधी परत येतच नाही. म्हणून आधी पेटीच्या दारात मऊ बोळा घट्ट बसवायचा, मग झाकण दोन बोटं वर करून आत डोकावायचं, झाकण लावायचं, आणि बोळा काढून घ्यायचा. बोळा सगळ्यात आधी आत, सगळ्यात शेवटी बाहेर. राईतला नेहमीचा बोळा उंदरांनी कुरतडला होता. काकांनी येताना घरच्या न्हाणीघरातला मोठा पिवळा स्पंज पिशवीत टाकून आणला होता.

काका शिडीवर चढले, स्पंज दारात कोंबला, झाकण वर केलं. आत मादी एका कोपऱ्यात अंग फुगवून बसली होती आणि तिच्या पोटाखाली कापसाची चार गाठोडी, एकाहून एक कुरूप. काकांचे डोळे भरून आले. नेमका त्याच वेळी खिशातला फोन वाजला.

"कुठे आहात?" सिस्टरांचा आवाज.

"न्हाव्याच्या खुर्चीत," काका म्हणाले. झाकण त्यांच्या एका हातात होतं.

"मग कावळे कसे ओरडतायत?"

"खिडकी उघडी आहे ना!"

"बरं. येताना साबण आणा," असं म्हणून सिस्टरांनी फोन ठेवला.

काकांच्या पाचावर धारण बसली होती. त्यांनी झाकण लावलं, खीळ घातली आणि भराभर खाली उतरले. खाली राखणदार मुलगी शिडी धरून, डोळे मिटून उभी होती. "चार!" काका म्हणाले. "चार पिल्लं आहेत!" मग काय, दोघांनी नाचायचंच बाकी ठेवलं. शिडी फाटकाजवळच्या खोपीत गेली, खोपीला आणि फाटकाला कुलूप लागलं, किल्ल्या काकांच्या खिशात पडल्या. मुलगी दुपारच्या गाडीनं बहिणीकडे जाणार होती, ती धावत सुटली. पेटीचं दार पायवाटेच्या उलट बाजूला, रुग्णालयाच्या भिंतीकडे तोंड करून होतं. खालून ते दोघांपैकी कोणालाच दिसलं नाही. साबण घेऊन काका घरी आले.

दुपारी दोघं जेवायला बसली. "केस तर होते तसेच दिसतायत," सिस्टर म्हणाल्या. काकांनी उत्तर तयार ठेवलं होतं. गर्दी होती, नंबर आला आणि वीज गेली, वगैरे. पण सिस्टरांना त्यात रस दिसला नाही.

"अहो, बाथरूममधला पिवळा स्पंज पाहिलात का? सकाळपासून शोधतेय. स्पंजाला काय पाय फुटले?"



त्यांना एकदम सगळं दिसलं. झाकण, खीळ, कोपऱ्यातली आई, आणि दारात गच्च बसलेला तो पिवळा स्पंज. पेटीला तळाशी बारीक भोकं होती, तेवढीच काय ती हवा. दुपारचं ऊन आता थेट शिरीषावर आलं असणार. नर बाहेरून भक्ष्य आणेल आणि दाराशी बसून राहील. आत चार पिल्लं आणि आई, त्यांनीच बांधलेल्या पेटीत, त्यांनीच कोंडलेली. काकांच्या तोंडचं पाणी पळालं, कपाळावर घाम डवरला आणि हातातला चमचा ताटात पडला.

सिस्टर खुर्ची ढकलून उठल्या. काकांना कळायच्या आत त्यांचं एक बोट काकांच्या मनगटावर होतं आणि दुसऱ्या हातात जिभेखाली ठेवायची गोळी. "छातीत दुखतंय? हात जड झालाय? बोला!"

"नाही गं, घुबड," काका म्हणाले.

"काय?"

"घुबड कोंडलं मी. स्पंज पेटीच्या दारात राहिला. मी न्हाव्याकडे गेलोच नव्हतो. शिडीवर होतो. तुझा फोन आला तेव्हा शिडीवरच होतो."

सिस्टर हळूच खुर्चीवर टेकल्या आणि गोळी परत डबीत घातली. डबीचं झाकण लावायला त्यांना जरा वेळ लागला. काकांना वाटलं, आता आभाळ कोसळणार. त्यापेक्षा त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आत ठेवून वरून बंद केलंत?" शेवटी त्यांनी विचारलं. "मोजलं नाहीत?"

"नाही, सिस्टर."

"आमच्याकडे पोट शिवायच्या आधी एकूण एक बोळा मोजतात. दोघी मोजतात. आकडा जुळल्याशिवाय सर्जन असो की त्याचा बाप, टाका घालू देत नाही कोणी. आणि तुम्ही आमचाच स्पंज आत ठेवून घरी जेवायला आलात!" एवढं बोलून त्या उठल्या आणि चपला घालू लागल्या. "उठा. किल्ली आहे ना?"

वाटेत काकांनी राखणदार मुलीला फोन लावला, तो लागेना. "अग्निशमनवाल्यांना बोलवायचं का?" त्यांनी विचारलं. "ते सायरन वाजवत येतील आणि आई धास्तीनंच मरेल," सिस्टर म्हणाल्या. त्या पुढे आणि काका मागे, अशी ती वरात निघाली. काका जरा भरभर चालू लागले की सिस्टर मागे वळून "हळू!" म्हणत, आणि स्वतः मात्र पदर खोचून धावल्यासारख्या चालत होत्या.

राईत दुपारचं कोणी नव्हतं. झाडंसुद्धा उन्हानं मरगळली होती. शिरीषाला वळसा घालून काका भिंतीच्या बाजूला गेले आणि वर पाहिलं. पेटीच्या काळ्या दारात पिवळा ठिपका ठसठशीत दिसत होता. वरून आवाज नाही, हालचाल नाही. फांदीवर एक कावळा बसला होता, तोही गप्प.

शिडी लावून झाली तशी काकांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"पाय खाली," सिस्टर म्हणाल्या.

"अगं, पण चढणार कोण?"

"मी."

"तू? गुडघे दुखतात म्हणून तू वरच्या मजल्यावरच्या बाईकडे जात नाहीस!"

"तिच्याकडे मी जात नाही ते तिच्या तोंडाला कंटाळून. गुडघे माझे ठणठणीत आहेत. शिडी धरा, आणि धरायची म्हणजे धरायची. डोळे मिटून नाही."

सिस्टर चढू लागल्या. एक पायरी, मग थोडा दम, मग दुसरी. काकांनी इतकी वर्षं भरल्या बसगाड्या घाटातून उतरवल्या होत्या, पण स्टिअरिंग कधी आवळून धरलं नव्हतं. आज शिडीच्या दोन्ही बाजू आवळून ते उभे होते. वर बायको, तिच्या वर घुबड. दोघांपैकी कोणाची काळजी आधी करावी हे त्यांना कळेना. मग बायकोचा पाय एका पायरीवर किंचित सरकला आणि त्यांना कळलं. घुबडाचा त्या क्षणी त्यांना पार विसर पडला.

"निघत नाही," वरून सिस्टर म्हणाल्या. "किती कोंबलाय हो! कोपरा सापडत नाहीये."

"खाली ये. राहू दे. मी बघतो काहीतरी."

"गप्प बसा."

सिस्टरांनी स्पंज ओढला नाही. बोटांच्या चिमटीत त्याची एक कड धरली आणि तो जागच्या जागी हळूहळू पिळत गेल्या, जसं काही आतल्या माणसाला कळूसुद्धा द्यायचं नव्हतं. थोडा सुटला, पुन्हा अडकला, पुन्हा पिळला. शेवटी तो एकदम निघाला आणि सिस्टरांच्या हातून निसटून काकांच्या डोक्यावर पडला.

"आता?" काकांनी विचारलं.

"आत अंधार आहे."

"झाकण उघडू नकोस! आई उडेल."

"उघडत नाहीये. ऐकतेय." सिस्टरांनी पेटीच्या फळीला कान लावला. किती तरी वेळ त्या तशाच राहिल्या. काका खालून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. थिएटरमधून बाहेर येणाऱ्या नर्सच्या चेहऱ्याकडे नातेवाईक कसे बघत असतील, ते त्यांना आज कळलं.

"काहीच नाही हो," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या.

काकांनी मान खाली घातली. आपण पुन्हा कधी या राईत पाय ठेवू शकू असं त्यांना वाटेना. चार पिल्लं, आणि ती आई, जिनं सगळं शहर सोडून नेमकी त्यांची पेटी निवडली होती.

आणि वरून "अगं बाई बाई बाई!" अशी किंकाळी आली.

शिडी हलली. काकांनी सगळा भार टाकून ती दाबून धरली. पेटीच्या दारात एक पांढरं गोल तोंड उगवलं होतं, सिस्टरांच्या नाकापासून वीतभर अंतरावर. दोघी एकमेकींकडे टक लावून बघत होत्या. घुबडीण रागानं फुसफुसली, "खर्रर्र" असा काहीतरी लांबलचक आवाज काढला, आणि तिच्या मागून, पेटीच्या पोटातून, चार चिरक्या आवाजांत त्याचीच नक्कल झाली. मग ते तोंड आत गेलं आणि आत जी काही ढकलाढकली, खसखस आणि आरडाओरडा सुरू झाला, ती चालू बसमध्ये भांडण लागावं तशी.

"आहेत! सगळी आहेत!" सिस्टर म्हणाल्या. "काय पण ओरडतायत कारटी! नीट मोजता येत नाहीयेत, पण चार तरी आहेतच."

काकांचा जीव भांड्यात पडला. ते हसायला लागले, आणि हसता हसता रडायला लागले, आणि शिडी मात्र सोडली नाही. सिस्टर खाली उतरून जमिनीवर नीट उभ्या राहिल्या तेव्हाच त्यांनी हात सोडले. हातांवर शिडीचे वळ उठले होते.

मग दोघं तळ्याकाठच्या बाकावर जाऊन बसली. घरी जायला हवं होतं, जेवणं अर्धी राहिली होती, पण कोणीच उठेना. नर येऊन आत जातो की नाही ते पाहिल्याशिवाय काकांना चैन पडणार नव्हतं. ऊन उतरत गेलं. खंड्या दोनदा पाण्यात सूर मारून रिकाम्या चोचीनं परत आला, आणि तिसऱ्यांदा त्याला मासा मिळाला. राखणदार मुलीचा फोन आला, तेव्हा काकांनी तिला आधी स्पंजाचं सांगितलं, मग डॉक्टरांनी परवानगी दिली नव्हती हेही सांगून टाकलं. पलीकडून ती बराच वेळ काहीबाही बोलत होती. काका "हो", "चुकलंच", "हो" एवढंच म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर त्यांना केवढं हलकं वाटलं.

"आता तुझं राहिलं," ते सिस्टरांना म्हणाले. "बोल काय बोलायचं ते. मघापासून गप्प आहेस, त्यानं माझा जीव टांगणीला लागलाय."

सिस्टर तळ्याकडे बघत होत्या. "मी रागावले नव्हते," त्या म्हणाल्या. "जेवताना तुम्ही असे पांढरेफटक पडलात, घाम आला, चमचा पडला. मला वाटलं, आलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या दारी पाहत आले, ते आज माझ्या दारी आलं. गोळी कुठल्या हातात आहे हेसुद्धा मला कळत नव्हतं. आणि तुम्ही काय म्हणालात? घुबड!" त्यांना हसू आलं आणि त्यांनी पदरानं डोळे पुसले. "मला त्या घुबडाच्या पाया पडावंसं वाटलं. त्या आनंदात तर मी शिडी चढले. नाही तर मी कसली चढते! माझे गुडघे तुम्हाला माहीत आहेत."

काका त्यांच्या गुडघ्यांकडे बघत राहिले.

"पण एक सांगू का?" सिस्टर म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज वेगळा होता. "तुम्ही वरून पडला असतात, आणि मला कोणी नुसतं 'लवकर या' म्हणून फोन केला असता, तर मी न्हाव्याकडे धावले असते. तुम्ही इथे, आणि मी तिथे त्याच्या दुकानात उभी. म्हणत असते, अहो, हे इथेच तर येणार होते."

काकांनी ते चित्र डोळ्यांपुढे आणलं आणि त्यांना ते बघवेना. त्यांनी बायकोचा हात धरला. "पुन्हा नाही," ते म्हणाले. "तुझी शपथ."

"माझी कशाला? स्वतःची घ्या."

एवढ्यात शिरीषाच्या शेंड्याकडून काहीतरी पांढरं, अजिबात आवाज न करता, घसरत खाली आलं. नर होता. पायात उंदीर लोंबत होता. पेटीच्या दाराशी तो क्षणभर टेकला, मान वाकडी करून आत पाहिलं, आणि गेला आत. पेटीतून असा काही कल्ला उठला की तळ्यातले बेडूक गप्प झाले. सिस्टर बाकावरून उठून उभ्या राहिल्या आणि लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवणार होत्या, पण मग आवाज होईल म्हणून हात तसेच धरून राहिल्या.

"पुढच्या वेळी पेटी मी तपासणार," फाटकाला कुलूप लावताना त्यांनी जाहीर केलं. "बोळे मोजून आत, मोजून बाहेर. तुम्ही खाली शिडी धरायची."

"आणि मधेच कोणाचा फोन आला तर?"

"तर सरळ सांगायचं," सिस्टर म्हणाल्या, "आत्ता बोलता येणार नाही, बायको शिडीवर आहे."